घरांच्या किमतींचा निर्देशांक : ‘तेच घर’ शोधण्याचे गणित

कोल्हापुरात जागांचे भाव किती वाढले, या प्रश्नाला उत्तरे भरपूर मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले, तेव्हापासून तर हा विषय रंकाळ्याच्या कट्ट्यापासून वकिलांच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे निघतो. कोणी ताराबाई पार्कातल्या एका फ्लॅटचा सौदा सांगतो, कोणी पाचगावातल्या एका प्लॉटचा, आणि त्या एका सौद्यावरून साऱ्या शहराचा भाव ठरवला जातो. घरांच्या किमतींचा निर्देशांक हे अशा सांगोवांगीच्या जागी मोजमाप आणण्याचे साधन आहे. मात्र तो कशापासून आणि कसा तयार होतो हे ठाऊक नसेल, तर त्याचा आकडाही सांगोवांगीइतकीच दिशाभूल करू शकतो.

साखरेचा भाव नोंदवणे सोपे असते, कारण गेल्या महिन्यातली एक किलो साखर आणि या महिन्यातली एक किलो साखर यांत फरक नसतो आणि ती रोज विकली जाते. घराचे तसे नाही. एकाच इमारतीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची किंमतही वेगळी असू शकते; शिवाय एखादे घर एकदा विकले गेले की पुढची दहा-पंधरा वर्षे, किंवा पुढच्या दोन पिढ्या, ते बाजारात येतच नाही. म्हणजे या तिमाहीत विकली गेलेली घरे आणि मागच्या तिमाहीत विकली गेलेली घरे ही सर्वस्वी वेगळी घरे असतात. निर्देशांकाला उत्तर मात्र एकाच प्रश्नाचे द्यायचे असते : काहीही न बदललेले तेच घर आज विकले असते, तर पूर्वीच्या मानाने किती कमी-जास्त पैसे आले असते?

साधी सरासरी या प्रश्नाचे उत्तर का देऊ शकत नाही, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. पुढचे दर केवळ गणितासाठी धरलेले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत. समजा, पहिल्या तिमाहीत १०० फ्लॅट विकले गेले : ४० ताराबाई पार्कात ८,००० रुपये चौरस फुटाने आणि ६० पाचगावात ४,००० रुपयांनी. सरासरी दर ५,६०० रुपये झाला. पुढच्या तिमाहीत दोन्हीकडे भाव बरोबर ५ टक्के वाढून ८,४०० आणि ४,२०० झाले. पण या वेळी ताराबाई पार्कात २० आणि पाचगावात ८० फ्लॅट विकले गेले. आता सरासरी येते ५,०४० रुपये. शहरातल्या प्रत्येक घराची किंमत ५ टक्क्यांनी वाढली असताना सरासरी मात्र १० टक्क्यांनी घसरलेली दिसते. भाव कुठेच उतरलेला नाही, विकल्या गेलेल्या घरांचे मिश्रण तेवढे बदलले आहे. सरासरीऐवजी मध्यक घेतला, म्हणजे सर्व दर चढत्या क्रमाने लावून मधला निवडला, तर एखाद्या कोट्यवधींच्या बंगल्याने आकडा फुगण्याचे टळते, परंतु मिश्रणाचा हा दोष जात नाही. इंटरनेटवर आढळणारे ‘या भागातील सरासरी दर’ बहुधा याच जातीचे असतात.

या दोषावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे घरांचे गट पाडणे आणि गटांचे वजन गोठवून ठेवणे. वरच्या उदाहरणात पहिल्या तिमाहीतले ४० आणि ६० टक्के हे भार कायम ठेवून दुसऱ्या तिमाहीचे दर त्यांना लावले, तर ५,८८० रुपये येतात. ५,६०० ला १०० मानले की हा आकडा १०५ होतो आणि खरी वाढ हाती लागते. आधारवर्षाचे, म्हणजे ज्या वर्षाला १०० मानायचे त्या वर्षाचे, भार कायम ठेवण्याची ही रीत जर्मन अर्थशास्त्रज्ञ एटिएन लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडली.

राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक याच रीतीने चालतो. जुलै २००७ मध्ये तो सुरू झाला. पुढे त्याची फेररचना होऊन आधारवर्ष आधी २०१२-१३ आणि नंतर २०१७-१८ करण्यात आले, आणि आता तो दर तिमाहीला ५० शहरांसाठी निघतो. त्यात घरांचे कार्पेट, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतल्या वापराच्या, क्षेत्रफळानुसार तीन गट केले जातात : ६० चौरस मीटरपर्यंतची, ६० ते ११० चौरस मीटरची आणि त्याहून मोठी, आपल्या मापात सांगायचे तर साधारण ६४५ आणि १,१८५ चौरस फूट या त्यांच्या सीमा. या मालिकेचेही दोन प्रकार आहेत. एक बँका आणि गृहवित्त कंपन्या कर्ज देताना करून घेत असलेल्या मूल्यांकनावर आधारलेला, आणि दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या बाजारभावावर. रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक मात्र वेगळ्या मालावर उभा आहे. तो नोंदणी कार्यालयांत प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या व्यवहारांवरून काढला जातो. बराच काळ तो १० शहरांपुरता आणि २०१०-११ या आधारवर्षाचा होता. २०२५ मध्ये आधारवर्ष २०२२-२३ झाले आणि शहरे १८ झाली, त्यात पुणे, ठाणे आणि नागपूर यांची भर पडली.

या दोन्ही याद्यांत कोल्हापूर नाही. रेसिडेक्सच्या यादीत चाकण आणि पनवेल आहेत, कोल्हापूर नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या घरांच्या किमती अमुक टक्क्यांनी वाढल्या असे कोणी ठामपणे सांगितले, तर तो आकडा यांपैकी कोणत्याही सरकारी निर्देशांकातून आलेला नाही, एवढे निश्चित समजावे.

गट पाडण्याच्या पद्धतीची मर्यादाही आपल्या शहरात चटकन दिसते. शाहूपुरी हा एक गट धरला, तर त्यात पुराचे पाणी येणारी गल्ली आणि कधीच न येणारी गल्ली एकत्र पडतात. त्यांना वेगळे करायला गट आणखी बारीक करावेत, तर एका तिमाहीत एकेका गटात दोन-चारच व्यवहार उरतात आणि एका हौशी गिऱ्हाइकाने मोजलेल्या जास्तीच्या पैशाने सगळा आकडा हलतो. मुंबईत जे गट भरून वाहतात, ते मध्यम शहरात रिकामे राहतात.

एकच घर, दोनदा विकलेले

दुसरी पद्धत गट पाडतच नाही. एकच घर दोन वेळा विकले गेले असेल, तर त्या दोन किमतींचे गुणोत्तर घ्यायचे, असा तिचा विचार आहे. १९६३ मध्ये बेली, म्यूथ आणि नोर्स या तिघांनी ती मांडली, आणि १९८० च्या दशकात कार्ल केस व रॉबर्ट शिलर यांनी सुधारून अमेरिकेत प्रसिद्ध केली. शिलर यांना २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मालमत्तांच्या किमतींच्या अभ्यासासाठी. या पद्धतीचा सर्वांत मोहक नमुना मात्र ॲमस्टरडॅमचा आहे. तिथल्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांच्या जुन्या खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून पीट आइखहोल्ट्झ यांनी १६२८ ते १९७३ अशा जवळजवळ साडेतीनशे वर्षांची मालिका तयार केली. महागाई वजा केली, तर एवढ्या प्रदीर्घ काळात तेथील किमती साधारण दुप्पट झाल्या, असे तिच्यातून दिसले. ‘जागेत पैसा कधी बुडत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही मालिका अवश्य पाहावी. पैसा बुडाला नाही हे खरे, पण तो किती संथ वाढला हेही खरे.

वेगवेगळ्या वर्षी विकलेल्या जोड्या एकत्र कशा बांधतात, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, अ हे घर २०१५ मध्ये घेतले आणि २०२० मध्ये २० टक्के नफ्याने विकले. ब हे घर २०२० मध्ये घेतले आणि २०२४ मध्ये २५ टक्के नफ्याने विकले. एवढीच माहिती असती, तर २०१५ ला १००, २०२० ला १२० आणि २०२४ ला १५० असा निर्देशांक झाला असता. आता क हे तिसरे घर आले, जे २०१५ मध्ये घेऊन थेट २०२४ मध्ये विकले गेले, आणि त्याची वाढ ४४ टक्केच निघाली. तीन घरे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून गणित त्यांच्यात तडजोड करते : तिन्ही नोंदींपासूनची तफावत मिळून कमीत कमी राहील असे आकडे शोधले जातात. ते येतात २०२० साठी सुमारे ११८.४ आणि २०२४ साठी सुमारे १४६. क घर २०२० मध्ये विकले गेलेच नव्हते, तरीही त्याच्या आगमनाने २०२० चा जुना आकडा १२० वरून खाली आला. या पद्धतीचे निर्देशांक मागील वर्षांचे आकडेही नंतर बदलतात, त्यात लपवाछपवी नसते. आज विकले गेलेले प्रत्येक घर आपल्या जुन्या खरेदीच्या दिवसाविषयीही काही सांगून जाते.

कोल्हापुरात ही पद्धत वापरायची तर पहिला पेच ‘तेच घर’ या अटीचाच आहे. येथे रो-बंगला घेणारा माणूस चार वर्षांत वर आणखी एक स्लॅब टाकतो; दुसऱ्या विक्रीच्या वेळी किंमत वाढलेली दिसते, पण त्यात बाजाराची वाढ किती आणि नव्या मजल्याची किती, हे कागदावरून कळत नाही. पेठांतला जुना वाडा पाडून तिथे अपार्टमेंट उभे राहिले, तर जागा तीच राहते आणि घर संपते. उलट फ्लॅट जुना होत जातो, गळू लागतो, त्याची लिफ्ट बंद पडते; म्हणून त्याच फ्लॅटच्या दोन किमतींत झिजेची घटही मिसळलेली असते. शिवाय नवे कोरे फ्लॅट एकदाच विकले गेलेले असल्याने या हिशेबात येतच नाहीत, आणि वाढत्या शहरात व्यवहारांचा मोठा वाटा त्यांचाच असतो. केस-शिलर निर्देशांकात सहा महिन्यांच्या आत पुन्हा विकलेली घरे वगळली जातात, कारण असे झटपट सौदे बहुधा डागडुजी करून विकणाऱ्यांचे किंवा नात्यातले असतात.

घराचे गुण आणि त्यांची किंमत

तिसरी पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण घरे वेगळी असतात हे ती सरळ मान्य करते. घर म्हणजे गुणांची बेरीज, असे ती धरते : कार्पेट किती, मजला कितवा, लिफ्ट आहे का, पार्किंग आहे का, इमारत किती जुनी, रस्ता किती रुंद. शेकडो व्यवहारांवरून संख्याशास्त्राच्या साह्याने यांतील प्रत्येक गुणाला बाजार किती पैसे देतो हे काढले जाते. त्या यादीत ‘कोणत्या तिमाहीत विकले’ हीही एक नोंद असते. इतर सर्व गुणांचा हिशेब चुकता केल्यावर त्या तिमाहीच्या वाट्याला जी वाढ उरते, तीच किमतीची निव्वळ वाढ. ब्रिटनमधील हॅलिफॅक्स या कर्जसंस्थेचा १९८३ पासूनचा निर्देशांक या जातीचा आहे.

या पद्धतीची परीक्षा कोल्हापूरइतकी चांगली क्वचितच कुठे होईल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर येथे घर बघायला जाणारा माणूस खोल्या मोजण्याआधी विचारतो की राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती फुटांवर गेली की इथे पाणी येते. पंचगंगेची तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या पातळीलाच पाणी दारात येणारे घर आणि ५५ फुटांनाही कोरडे राहिलेले घर, बाकी सर्व बाबतींत सारखे असले, तरी एका भावाने विकले जात नाही. म्हणजे ‘कितव्या फुटाला पाणी’ हा कोल्हापुरी निर्देशांकातला एक अत्यावश्यक गुण ठरतो. पण खरेदीपत्रात तो लिहिलेला नसतो. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर असते. त्यांतली निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्यावरून अंदाज बांधता येतो, पण बाजार पाहतो ते भिंतीवरचे पाण्याचे डाग.

त्याहून सूक्ष्म अडचण पुढे आहे. पूर ओसरल्यावर काही महिने पूरग्रस्त गल्ल्यांत सौदेच होत नाहीत : विकणारा जुन्या भावाला अडून बसतो आणि घेणारा फिरकत नाही. त्या तिमाहीत विकली जातात ती उंचावरची, कोरडी घरे. निर्देशांक हा विकल्या गेलेल्या घरांचाच असतो, त्यामुळे शहराचे सर्वाधिक नुकसान झालेल्या काळात तो स्थिर किंवा चढतासुद्धा दिसू शकतो. न झालेल्या सौद्यांचा भाव कुठलीही पद्धत मोजू शकत नाही. फार तर व्यवहारांची संख्या निर्देशांकासोबत छापून वाचकाला सावध करता येते, आणि ती छापली गेली नसेल तर आपण मागावी.

नेदरलँड्ससारख्या काही देशांत आणखी एक मधला मार्ग वापरतात. कर आकारणीसाठी सरकारने प्रत्येक घराचे केलेले मूल्यांकन हीच पहिली किंमत मानायची आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत तिच्याशी ताडून पाहायची. मूल्यांकन नेकीने आणि नियमित होत असेल, तरच याला अर्थ आहे.

किंमत म्हणजे कोणती किंमत?

पद्धत कितीही चोख असली, तरी तिच्यात घातलेली किंमत खरी हवी, आणि इथे एका घराला चार-पाच किमती असतात. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. संचकार, म्हणजे विसार, देताना ठरते ती खरी सौद्याची किंमत. बँकेच्या मूल्यांककाने लिहिलेली वेगळी. तो आजूबाजूचे मागचे व्यवहार पाहून लिहीत असल्याने बाजार वळला तरी त्याचा आकडा थोडा उशिरा वळतो. खरेदीपत्रात नोंदलेली आणखी वेगळी, आणि तीही संचकारानंतर काही महिन्यांनी कार्यालयात पोहोचते, त्यामुळे नोंदणीवर आधारलेला निर्देशांक बाजारापेक्षा काही पावले मागे चालतो. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये हे अंतर उलटेही पडते : करार आज नोंदला जातो आणि घर तीन वर्षांनी मिळते.

नोंदलेल्या किमतीला रेडी रेकनरचा, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याचा, खुंटा बांधलेला असतो. मुद्रांक शुल्क हे कराराची रक्कम आणि तक्त्यानुसार येणारे मूल्य यांतील जी रक्कम मोठी, तिच्यावर भरावे लागते. त्यामुळे व्यवहारात रोखीचा भाग असेल, तेथे कागदावरची किंमत या तक्त्याच्या आसपास घोटाळते. याचा परिणाम लोक समजतात तसा होत नाही. प्रत्येक व्यवहारात किमतीचा ३० टक्के भाग कागदाबाहेर राहतो असे क्षणभर धरले आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे तेवढेच राहिले, तर निर्देशांक अजिबात चुकत नाही, कारण तो प्रमाण मोजतो, पातळी नाही. चूक होते ती हे प्रमाण बदलते तेव्हा. कर्जावर घर घेणारे वाढले, की अधिक रक्कम कागदावर येते आणि निर्देशांक चढतो, बाजार जागचा हलला नसला तरी.

रेडी रेकनरलाच निर्देशांक समजण्याची आपल्याकडे सवय आहे, ती या कारणाने सोडावी लागेल. तो करआकारणीचा तक्ता आहे आणि त्याचे दर ठरवताना महसुलाचा व धोरणाचा विचार होतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी राज्याने ते दर जैसे थे ठेवले आणि एप्रिल २०२५ पासून वाढवले. या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घरांचे भाव थिजले होते आणि एका रात्रीत जागे झाले, असे कोणी म्हणणार नाही. धोरणाचा धक्का व्यवहारांच्या वेळेलाही बसतो. सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्कात सवलत होती, तेव्हा पुढचे सौदेही आधी उरकले गेले आणि त्या काळातल्या नोंदी फुगल्या.

क्षेत्रफळाचा घोळ याहून कमी नाही. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा, कायदा मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाल्यावर विकासकांना कार्पेट क्षेत्रफळावर विक्री करणे बंधनकारक झाले. त्याआधीचे दर बिल्टअप (भिंतींसह) किंवा सुपर बिल्टअप (जिना, लॉबी यांच्या वाट्यासह) अशा मोठ्या क्षेत्रफळावर सांगितलेले असत. जुना दर ३,००० आणि नवा ४,००० दिसला, तर त्यातला मोठा भाग केवळ भागाकारातला छेद लहान झाल्यामुळे आलेला असू शकतो.

आकडा वाचताना काही गोष्टी झटकन सांगून टाकण्यासारख्या आहेत. एका शहराचा निर्देशांक १३० आणि दुसऱ्याचा १५० असेल, तर दुसरे शहर महाग आहे असे नव्हे; आपापल्या आधारवर्षापासून तिथे वाढ जास्त झाली, इतकेच. १२० वरून १२६ ही वाढ ६ टक्के नसून ५ टक्के आहे. निर्देशांक ४ टक्क्यांनी वाढला आणि महागाई ५ टक्के असेल, तर घर प्रत्यक्षात स्वस्त झाले. शिवाय घरांच्या किमती ग्राहक किंमत निर्देशांकात धरल्याच जात नाहीत, कारण घर विकत घेणे ही गुंतवणूक मानली जाते. तेथे मोजले जाते ते भाडे. २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत शहरी भागासाठी निवास या गटाचा भार २१.६७ टक्के होता. म्हणून घरे भराभर महागत असतानाही महागाईचा दर शांत दिसू शकतो.

कोल्हापूरसाठी निर्देशांक करायचा झाला, तर पहिले भांडण हद्दीवरून होईल. महापालिकेची हद्द अनेक दशके वाढलेली नाही, आणि पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, कळंबा येथे राहणारे लोक स्वतःला कोल्हापूरकरच म्हणवतात. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नेमलेल्या नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची हद्द वेगळीच आहे. शहराची किंमत मोजायची आणि जिथे नवी घरे बांधली जातात तो परिसर वगळायचा, हे चालणार नाही. व्यवहारांची संख्या पाहता तिमाहीऐवजी सहामाही आकडा अधिक भरवशाचा ठरेल, आणि प्लॉट, रो-बंगले व फ्लॅट यांच्या मालिका वेगळ्या ठेवाव्या लागतील, कारण गुंठ्यावर विकली जाणारी जमीन आणि चौरस फुटावर विकला जाणारा फ्लॅट एका वेगाने चढत-उतरत नाहीत.

तोवर घर घेणाऱ्याला स्वतःपुरते एक काम करता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टूचे, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश देणारे, दस्त शोधता येतात. ज्या इमारतीत फ्लॅट पाहिला आहे, त्याच इमारतीतल्या मागच्या काही वर्षांच्या विक्रीचे दस्त काढावेत. प्रत्येकातले क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप हे तपासून एका मापात आणावे. फ्लॅटसोबत पार्किंग किंवा टेरेस विकले गेले आहे का ते पाहावे. आई-वडिलांकडून मुलांकडे किंवा भावाभावांत झालेले व्यवहार बाजूला ठेवावेत. उरलेल्या दस्तांत एकाच फ्लॅटची दोनदा विक्री सापडली, तर तिला सर्वांत जास्त वजन द्यावे.